कुठं गप्प बसायचं, कुठं बोलायचं

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

  कुणी भांडी आवरून बसलं असेल, कुणी शेळ्यांमागं असेल, कुणी शिलाई मशीनवर. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडं द्या.

मी आपल्याच भागातल्या महिला बचत गटांची समन्वयक आहे. माझ्याकडं ११ गट आहेत. बैठका, बचतीचा हिशोब, बँकेच्या फायली यातच माझा आठवडा जातो. आज मी गटाच्या हिशोबाबद्दल बोलणार नाही. त्या हिशोबाला भोक पाडणाऱ्या गोष्टीबद्दल बोलणार आहे. फोनवरून होणारी फसवणूक.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? ओटीपी देऊ नका, लिंक उघडू नका, हे सारखं कानावर पडतं. खरं आहे. आमच्या गटातल्या एका बाईच्याही कानावर पडत होतं, तरी ती फसली. म्हणून आज नुसत्या सूचना देत नाही, तिची गोष्ट सांगते. नाव सांगणार नाही. पण "गोष्ट सांग, दुसरी कुणी वाचली तर बरं होईल," असं तिनंच मला सांगितलंय.

उन्हाळ्याचे दिवस होते. तिनं पापडासाठी उडीद डाळ घ्यायला गटातून २०,००० रुपये अंतर्गत कर्ज घेतलं. ते पैसे तिच्या खात्यावर आले. मुलानं पापडाचे फोटो फोन नंबरासकट फेसबुकवर टाकले. दोन दिवसांत फोन आला. बोलणारा हिंदीत बोलत होता. म्हणाला, मी फौजेत आहे, आमच्या कॅम्पच्या कॅन्टीनला ४० किलो पापड पाहिजेत. हिनं ४५० रुपये किलो भाव सांगितला. त्यानं एका शब्दानंही कमी करायला सांगितलं नाही.

बायांनो, इथंच थांबायला हवं होतं. आपल्या बाजारात पाव किलो पापडासाठी माणूस दहा रुपये कमी करायला लावतो. ४० किलो घेणारा भावच करत नाही, म्हणजे त्याला पापड नकोच होते.

त्यानं वर्दीतला फोटो पाठवला, ओळखपत्राचा फोटो पाठवला. म्हणाला, निम्मे पैसे आगाऊ देतो, पण आमच्याकडं पैसे द्यायची पद्धत वेगळी आहे. मी क्यूआर कोड पाठवतो, तो तुम्ही स्कॅन करा आणि तुमचा पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील. आधी १ रुपयाचा कोड पाठवला. हिनं स्कॅन केला, पिन टाकला. त्यानं लगेच २ रुपये पाठवले. हिचा विश्वास बसला. मग ९,००० चा कोड आला. हिनं पिन टाकला आणि खात्यातून ९,००० गेले. ही घाबरली. तो म्हणाला, "ताई, सिस्टीम अडकली. आता परत ९,००० स्कॅन करा, सगळे १८,००० एकदम येतील." हिनं घाईघाईत तेही केलं. त्यानंतर तो फोन बंद झाला.

आता खरी गोष्ट पुढं आहे. त्या संध्याकाळी तिनं नेहमीसारख्या भाकरी केल्या, सगळ्यांना वाढलं. कुणाला काही सांगितलं नाही. नवरा म्हणाला, "डाळ आणायला गेली नाहीस?" तर म्हणाली, "डाळ महागली, थांबते." गटाच्या बैठकीला आली नाही, बचतीचे पैसे शेजारणीकडं दिले. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, म्हणून सातव्या दिवशी मी तिच्या घरी गेले. गोठ्यामागं नेऊन तिनं मला सांगितलं. तिचे शब्द मला अजून आठवतात. "पैसे गेले ते कष्टानं फेडीन. पण घरात कळलं तर फोन काढून घेतील. गटात कळलं तर मला पुन्हा कर्ज कोण देईल?"

तिथूनच आम्ही १९३० वर फोन लावला. तक्रार नोंदवली गेली, क्रमांकही मिळाला. पण तोवर सहा दिवस होऊन गेले होते. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात, तिथून तिसऱ्या खात्यात जाऊन काढून घेतले गेले होते. ते आजपर्यंत परत आलेले नाहीत. त्याच संध्याकाळी फोन लावला असता तर सगळे मिळाले असते, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण मिळायची आशा तरी राहिली असती.

मला त्या दिवशी एक गोष्ट कळली. चोराला आपल्याकडून दोन गोष्टी लागतात. आधी आपण बोलावं, म्हणजे पिन, ओटीपी, कार्डाचा नंबर द्यावा. आणि नंतर आपण गप्प बसावं. जिथं गप्प बसायचं तिथं आपण बोलतो, आणि जिथं बोलायचं तिथं गप्प बसतो. आजचं माझं सगळं बोलणं एवढ्याच गोष्टीभोवती आहे.

आधी गप्प कुठं बसायचं ते बघू.

पहिला नियम पापडाच्या गोष्टीतलाच. यूपीआयचा पिन फक्त पैसे द्यायला किंवा शिल्लक बघायला लागतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कुणी आपल्याला पैसे देत असेल तर आपण ओंजळ पुढं करायची असते, कपाटाची किल्ली द्यायची नसते. दुकानदाराच्या काउंटरवर कोड चिकटवलेला असतो, तो गिऱ्हाईक स्कॅन करतं, दुकानदार नाही. एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मी फसवणूक ओळखता येईल. दुसरं, पैसे आल्याचा मेसेज म्हणजे पैसे नव्हेत. "चुकून तुमच्या खात्यात ५,००० आले, परत पाठवा," असं कुणी म्हणालं तर मेसेजवर जायचं नाही. तसला मेसेज कुणीही बनवून पाठवू शकतं. आपल्या खात्यातली शिल्लक बघायची. खरंच आले असतील तर बँकेत सांगायचं, परत पाठवायचं काम बँक करेल.

या धंद्याला इंग्रजीत फिशिंग म्हणतात. म्हणायला मासे धरण्यासारखंच. गळ तोच असतो, त्याला लावलेलं आमिष बदलतं. आपल्या भागात कोणकोणती आमिषं येतात ती सांगते.

एक आमिष योजनेचं. लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये सुरू झाली, महिन्याला १,५०० रुपये. २०२५ मध्ये ई-केवायसी करायला सांगितलं, तेव्हा सगळ्यांचीच धावपळ झाली. त्या धावपळीत त्याच नावासारखी खोटी संकेतस्थळंही फिरत होती. "तुमचा हप्ता अडकलाय, इथं आधार नंबर टाका," असे मेसेज येतात. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळाच्या नावाच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ असतं. नावात मध्येच कुठंतरी ‘गव्ह’ आहे म्हणून ते सरकारी होत नाही, शेवट बघायचा. आणि जिला ही अक्षरं वाचायला जमत नाहीत, तिनं मेसेजमधलं काहीच उघडू नये. अंगणवाडी ताईंना विचारावं, ग्रामपंचायतीत विचारावं. एक दिवस उशीर झाला म्हणून हप्ता बुडत नाही.

दुसरं आमिष फाईलचं. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका येते, पीएम किसानची यादी येते, गाडीच्या दंडाचं चलन येतं. नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही तीन इंग्रजी अक्षरं असतात. ही पत्रिकाही नसते आणि यादीही नसते. ते ॲप असतं. आपण दाबलं आणि परवानगी दिली की ते फोनमध्ये शिरतं, आपले मेसेज वाचतं, ओटीपी परस्पर चोराकडं पाठवतं. इथं आपण तोंडानं काहीही सांगितलेलं नसतं. आणि वाईट म्हणजे ही फाईल ओळखीच्या नंबरावरून येते. भाच्याच्या फोनमध्ये ती शिरली की त्याच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर आपोआप जाऊ शकते. म्हणून "भाच्यानं पाठवली" एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. भाच्याला फोन करून विचारायचं, "बाळा, लग्न कुणाचं आहे?" चुकून दाबलंच गेलं तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा, विमानाचं चिन्ह दाबलं तरी चालेल. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. ते ॲप काढून टाकायचं काम जाणकार माणसाकडून नंतर करून घ्या.

तिसरं आमिष बँकेचं. "केवायसी झालेलं नाही, आज रात्री खातं बंद होणार." बँक फोनवर पिन, ओटीपी विचारत नाही. शंका आली तर शाखेत जा. आणि बँकेचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. तिथं चोरांनी आपलेच नंबर टाकून ठेवलेले असतात. एटीएम कार्डाच्या मागं किंवा पासबुकावर छापलेला असतो तोच नंबर खरा. आजच तो वहीत लिहून ठेवा.

चौथं आमिष नाही, तो धाक आहे. व्हिडिओ कॉल येतो, समोर पोलिसाच्या वेशातला माणूस. "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही." बायांनो, डिजिटल अटक नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितलं होतं. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, आणि अटक टाळायला पैसेही मागत नाहीत. असा फोन आला तर सरळ बंद करायचा. त्यात उद्धटपणा काही नाही.

आमिषं उद्या बदलतील. म्हणून मी गटात चार शब्द पाठ करायला लावते. लोभ, भीती, घाई आणि गुपित. फोनवरचा माणूस यातलं एक जरी घेऊन आला तरी सावध व्हायचं. पहिली तीन आपल्याला माहीत आहेत. चौथ्याकडं जास्त लक्ष द्या. "कुणाला सांगू नका" असं जो म्हणतो, त्याला दुसरा माणूस नको असतो. कारण शेजारी दुसरी बाई बसली असेल तर ती म्हणेल, "अगं, थांब की जरा." तेवढ्यानं त्याचं काम बिघडतं.

आता ओळखीच्या चोरीबद्दल. यात पैशाच्या आधी आपलं नाव चोरलं जातं. आधार, पॅन, सही, फोटो, अंगठा. आपल्या नावानं कुणी सिमकार्ड घेतं, कुणी खातं उघडतं, कुणी कर्ज काढतं. आपल्याला कळतं कधी? वसुलीचा फोन येतो तेव्हा, नाहीतर पोलिसांची नोटीस येते तेव्हा.

इथं मला माझीच चूक कबूल करायची आहे. त्या पापडाच्या प्रसंगानंतर मी माझा फोन तपासला. त्यात ११ गटांतल्या बायकांच्या आधारकार्डांचे, पासबुकांचे, फोटोंचे फोटो पडले होते. कर्जाच्या फायलीसाठी मीच सांगायची, "व्हॉट्सॲपला टाका गं लवकर." बायका गटाच्या ग्रुपवर टाकायच्या, म्हणजे एकीचं आधार सगळ्यांच्या फोनमध्ये. त्यातले निम्मे फोन पोरांच्या हातात खेळायला. मी बी.ए. झालेली, बायकांना शहाणपण शिकवणारी, आणि चोराला लागणारा सगळा ऐवज मीच एका जागी गोळा करून ठेवलेला. माझा फोन हरवला असता तर? मी ते सगळे फोटो काढून टाकले, ग्रुपवरचेही काढायला लावले. आता कागद हातोहात घेते आणि त्याची वहीत नोंद ठेवते.

तुम्हीही एवढं करा. झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहा, कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला. "फक्त गटाच्या कर्जासाठी" असं लिहिलेली झेरॉक्स दुसरीकडं वापरणं सोपं नसतं. झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेली प्रत तिथंच टाकू नका, फाडून घरी आणा. जिथं चालत असेल तिथं झाकलेलं आधार द्या, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढता येतं, पोरीबाळी काढून देतील.

सिमकार्डाचं म्हणाल तर सरकारचं ‘संचार साथी’ नावाचं संकेतस्थळ आहे. तिथं आपला मोबाईल नंबर आणि आलेला ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं. आपला नसलेला नंबर दिसला तर तिथंच तक्रार करता येते. इथं ओटीपी आपण स्वतः, आपल्या हातानं, आपण उघडलेल्या संकेतस्थळावर टाकतो. फोनवर कुणाला सांगत नाही. हा फरक ध्यानात ठेवा.

आता अंगठा. आपल्या कितीतरी मावश्या अंगठा लावून पैसे काढतात. अंगठा लावल्यावर "मशीन चालत नाही, परत लावा" असं कुणी म्हणालं तर लावा, पण त्याआधी पहिल्या वेळेची पावती मागा. पैसे निघाले नाहीत याचीसुद्धा पावती निघते. बऱ्याच गावांत हे मशीन आपलीच सखी चालवते आणि इमानानं चालवते. तिच्याकडंही पावती मागा. यात तिचा अपमान नाही. आपण गटात पै-पैची नोंद करतो, ती काय एकमेकींवर विश्वास नाही म्हणून?

अंगठ्याचा ठसाही चोरता येतो, हे ऐकून मी चकित झाले होते. २०१८ साली तेलंगणात एका सिमकार्ड विकणाऱ्यानं जमिनीच्या दस्तांवरच्या ठशांवरून रबरी ठसे बनवले होते. ते प्रकरण तिथल्या पोलिसांनी उघड केलं. यावर उपाय आहे. आधारच्या अधिकृत ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून आपले ठसे कुलूपबंद करता येतात. पण कुलूप असताना अंगठ्यावर पैसे निघत नाहीत, रेशन दुकानावरही अंगठा चालत नाही. लागेल तेव्हा कुलूप उघडायचं, काम झालं की लावायचं. हे घरात कुणाला जमत असेल तरच करा. आधारबद्दल काही विचारायचं असेल तर १९४७ हा नंबर आहे. आपल्या स्वातंत्र्याचंच साल, विसरायला नको.

आणखी एक गोष्ट, जी फसवणूक वाटतच नाही. एखादा ओळखीचा पोरगा येतो. म्हणतो, "काकू, तुमच्या नावानं खातं उघडू, एटीएम आणि सिम माझ्याकडं राहील, तुम्हाला महिन्याला दोन हजार देतो." दुसऱ्या कुण्या बाईचे लुटलेले पैसे फिरवायला त्याला असं खातं लागतं. पापडवाल्या वहिनीचे पैसे असल्याच कुणाच्या तरी खात्यातून गेले असणार. पोलीस येतात ते खात्यावर नाव असणाऱ्या बाईकडं. खातं भाड्यानं द्यायचं नाही, गटाचं तर नाहीच नाही.

हे झालं गप्प कुठं बसायचं ते. आता बोलायचं कुठं?

समजा, झालं. पैसे गेले. रडू येईल, हातपाय गळतील. तरी पहिल्यांदा फोन लावायचा १९३० वर. एक, नऊ, तीन, शून्य. हा सायबर फसवणुकीचा देशभरचा मदत क्रमांक आहे. तिथून माहिती बँकांकडं जाते. आपले पैसे पुढच्या ज्या खात्यात पडून असतील, तिथं ते अडवून धरतात. पण एकदा काढून घेतले की अडवायला काही उरत नाही. म्हणून एकेका तासाचं महत्त्व आहे. फोन करताना हाताशी ठेवा आपला मोबाईल नंबर, बँकेचं नाव आणि खाते क्रमांक, किती रुपये गेले, किती वाजता गेले, आणि मेसेजमध्ये असतो तो व्यवहार क्रमांक. फोन लागला नाही तर पुन्हा लावा. ‘सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन’ या संकेतस्थळावरही तक्रार करता येते. आलेले मेसेज, नंबर, फोटो पुसू नका, तोच पुरावा आहे.

दुसरा फोन बँकेला. खातं आणि कार्ड थांबवायला सांगा. मग शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या आणि त्याची शिक्का मारलेली पोच घ्या. पोच का, ते सांगते. रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये परिपत्रक काढलं होतं. त्यात असं आहे की, चूक आपली नसताना आणि बँकेचीही नसताना तिसऱ्याच कुणीतरी खात्यातून पैसे काढले, आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर तो भुर्दंड आपल्यावर पडत नाही. पिन, ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं धरतात. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. म्हणजे चूक आपली असली तरी लवकर कळवण्यातच आपला फायदा. आणि कधी कळवलं हे दाखवायला पोच लागते.

तिसरं, पोलीस ठाणं. "तुमचा चोर परराज्यातला, इथं तक्रार घेत नाही," असं ऐकून परत येऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार गुन्हा कुठंही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. त्याला शून्य एफआयआर म्हणतात. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क कलमाखाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. एकटी जाऊ नका, गटातल्या दोघी-तिघी बरोबर जा.

आणि तक्रार केल्यावर कुणाचा फोन आला, की "तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, आधी थोडी फी भरा," तर तोही चोरच. एकदा फसलेल्या बाईला पुन्हा फसवायचा हा धंदा आहे.

आता सगळ्यात अवघड बोलणं राहिलं. घरात सांगायचं.

आपण का सांगत नाही? कारण पहिला प्रश्न येतो, "एवढं कसं कळलं नाही तुला?" घरातले दादा, भाऊजी, मामा ऐकत असतील तर त्यांनाही सांगते. असे फोन शिकलेल्यांना येतात, नोकरदारांना येतात, आणि तेही फसतात. कुलूप फोडून चोरी झाली तर तुम्ही घरातल्या बाईला रागावता का? घराचं दार विटा लावून बुजवता का? मग पैसे गेले म्हणून तिचा फोन काढून घेऊ नका. फोन गेला की तिचं गिऱ्हाईक गेलं, खात्यावर काय जमा झालं हे कळायचं साधन गेलं. आणि पुढच्या वेळी ती तुम्हाला सांगणारच नाही. तेव्हा नुकसान दुप्पट होईल.

घरात सांगायचा धीर होत नसेल तर गटात सांगा. गट फक्त महिन्याच्या बचतीसाठी नाही. आमच्या त्या गटानं या प्रसंगानंतर ठराव केला. इतिवृत्तात लिहिला, सगळ्यांनी सह्या-अंगठे केले. ठरावात चार गोष्टी आहेत. प्रत्येक बैठकीत सुरुवातीची पाच मिनिटं फोनची, कुणाला कसला फोन आला, कसला मेसेज आला ते सांगायचं. बैठकीच्या भिंतीवर १९३० हा आकडा मोठ्या अक्षरात लावायचा. आधार, पासबुकाचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत. आणि चौथी गोष्ट, जी फसली आणि तिनं लगेच येऊन सांगितलं, तिला कुणी बोल लावायचा नाही. तिच्या कर्जाचे हप्ते दोन महिने पुढं ढकलायचे, दंड घ्यायचा नाही.

चौथ्या गोष्टीवर वाद झाला. एक काकू म्हणाल्या, "अशानं बायका निष्काळजी होतील." त्यावर आमच्या अध्यक्ष ताई म्हणाल्या, "निष्काळजी झालेली बाई परवडली, गप्प बसलेली परवडत नाही. तिचा हप्ता का थांबला हेच आपल्याला कळत नाही." ठराव झाला.

त्या वहिनीचे हप्ते पुढं ढकलले. तिनं गटातूनच डाळीपुरतं थोडं कर्ज घेतलं आणि उरलेल्या उन्हाळ्यात पापड केले. कर्ज अजून फिटतंय, खोटं कशाला सांगू. पण बैठकीतली पाच मिनिटं आता तीच घेते. परवा आमच्या एका मावशींना बैठकीतच फोन आला, "हप्ता अडकलाय, आलेला नंबर सांगा." मावशींनी काही न बोलता फोन तिच्या हातात दिला. तिनं विचारलं, "कोणत्या गावच्या अंगणवाडीतून बोलताय?" पलीकडनं फोन बंद. सगळ्या हसल्या. तीही हसली, त्या उन्हाळ्यानंतर मी तिला बैठकीत हसताना पहिल्यांदा बघितलं.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत ही पाच मिनिटं ठेवा. आज घरातल्या पोराबाळांना विचारून बँकेचा खरा नंबर आणि १९३० वहीत लिहून घ्या. जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी शेजारणीनं लिहावं. आणि शेजारीण चार दिवस गप्प गप्प दिसली, बैठकीला आली नाही, तर तिच्या घरी जा. गोठ्यामागं असली तरी जा. विचारा, "काय झालं गं?" तेवढंच विचारलं तरी पुरतं.